जागा धरून ठेव

९ ऑगस्ट

ताई,

तुझ्या कानातल्या मशीनचं काय झालं ते आधी कळव. परवा फोनवर मी ‘चिंगीला प्रवेश मिळाला’ म्हणालो आणि तू ‘हो, जेवले मी मघाशीच’ म्हणालीस. तेव्हाच म्हटलं, आपल्याला कागदच बरा.

तर प्रवेश मिळाला. शाळा संपल्यापासून एकोणीस वर्षांच्या या मुलीचं पुढे काय करायचं हा प्रश्न घरात ठाण मांडून बसला होता. दिवसभर माझ्याबरोबर बाइंडिंगच्या दुकानात बसते, कागदांच्या घड्या घालते, कंटाळली की घड्या उलगडते. हे कॉलेज तिच्यासारख्यांसाठीच आहे, ज्यांना शिकायला चारचौघांपेक्षा जास्त वेळ लागतो. तीन वर्षं तिथेच राहायचं. पुस्तकं कमी. स्वयंपाक, कपडे धुणं, एकटीने बसने जाणं-येणं, आणि शेवटच्या वर्षी बाहेर कुठेतरी खरीखुरी नोकरी.

आम्ही दोघं बघून आलो. लॉन्ड्रीत चार मोठी मशीनं आहेत, प्रत्येकाच्या दारावर वेगळ्या रंगाची पट्टी. चिंगीने निळ्या पट्टीच्या मशीनवर हात ठेवला तो उचलेचना. मुख्य बाई हसून म्हणाल्या, “ही आमचीच झाली.”

सगळं चांगलं आहे. कोंदट वास नाही, मुलं मोठ्याने हसतात. फक्त दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला एक लांब लाकडी बाक आहे. चिंगी सरळ जाऊन त्यावर बसली. मी उभाच. बाई दोनदा म्हणाल्या, बसा ना. माझे गुडघे वाकेनात.

पंधरा दिवसांत होकार कळवायचा आहे. फॉर्म दुकानात कागदकापणीच्या मशीनखाली दाबून ठेवलाय. तिची आई असती तर तिने ठरवलं असतं. ती जाऊन आता सात वर्षं झाली. तूच सांग.

छोटा

१७ ऑगस्ट

छोट्या,

चोपन्न वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणते म्हणून शेजारीण हसते मला. हसू दे.

गुडघे दाखवून घे. चाळीस वर्षं नर्स होते, उगीच सांगत नाही. दिवसभर उभं राहून पुस्तकं शिवणाऱ्याचे गुडघे कुरकुरणारच.

फॉर्म भर. आजच भर. तू काही शंभर वर्षं जगणार नाहीस, आणि मी तर तुझ्या आधीच जाणार. मग ती कुणाच्या तोंडाकडे बघणार? स्वतःचं जेवण स्वतः करता आलं, स्वतःच्या पायांनी कुठे जाता आलं, तर कुणाच्या दारात उभं राहायची वेळ येणार नाही.

तुझ्या मनात काय आहे ते कळतं मला. दादा. तोही चिंगीसारखाच होता, आणि अठराव्या वर्षी नानांनी त्याला त्या संस्थेत नेऊन ठेवलं. पण ती संस्था कुठे आणि हे कॉलेज कुठे. तिथे शंभर खाटांची एक खोली होती आणि शिकवणारं कुणी नव्हतं. चार वर्षांत न्यूमोनियाने गेला तो. तेव्हा दुसरं काही नव्हतंच. नानांनाही काही सुचलं नसेल.

तू तेव्हा नऊ वर्षांचा. मावशीकडे खेळत होतास. मी नर्सिंगच्या हॉस्टेलवर होते. आपल्या दोघांचाही त्यात हात नव्हता. हे एकदाच लिहिते, पुन्हा हा विषय काढू नकोस.

ताई

११ सप्टेंबर

ताई,

सोडून आलो सोमवारी. तिची खोली वरच्या मजल्यावर, दारावर तिचं पूर्ण नाव लिहिलेली पाटी. तिने पाटीवरून बोट फिरवलं आणि मला बजावलं, “इथे मला चिंगी म्हणायचं नाही.” मग स्वतःच्या हाताने कुलूप लावलं, काढलं, पुन्हा लावलं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातात किल्ली आली. एकदा तर मला आत ठेवून तिने बाहेरून कुलूप लावलं, आणि हाका मारल्या तरी दार उघडेना. खिदळत होती.

मी कागदांवर सह्या करत होतो तेव्हा ती खालच्या बाकावर बसून होती. झाल्यावर म्हणाली, “बाबा, तू जा. मी बसते.”

एवढंच म्हणाली. मी बाहेर येऊन गाडीत बसलो, आणि पाऊण तास गाडी सुरू करता आली नाही मला. शेवटी माळी येऊन विचारून गेला, बॅटरी गेली का.

आता घरी एकटाच आहे. कामं पडून आहेत. परवा एका जाड रजिस्टरची पानं उलट्या क्रमाने शिवून ठेवली. सगळं उसवलं.

तुला एक सांगतो, हसू नकोस. दुकानात दाराशी गिऱ्हाइकांसाठी बाकडं आहे ना, दुपारी दोनच्या सुमाराला त्यावर कुणीतरी बसलेलं असतं. मी मान वर केली की नसतं. मान खाली घालून शिवत असलो की असतं. गुडघे जुळवून बसतो, आणि डावा हात शेजारच्या रिकाम्या फळीवर पालथा ठेवलेला. मला भीती वाटत नाही. फक्त त्याच्याकडे पाठ करता येत नाही.

छोटा

२० सप्टेंबर

छोट्या,

हसले नाही.

वेळेवर जेव. दुपारी दुकान तासभर बंद ठेवून झोपत जा. एकट्या माणसाला असं होतं, माझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांना व्हायचं. आणि ते बाकडं तिथून काढून टाक, गिऱ्हाइकं उभी राहतील.

पहिले तीन आठवडे तिला भेटायला जाऊ नको असं बाईंनी सांगितलंय ना? मग जाऊ नकोस. तुझं तोंड बघून तिला रडू येईल, आणि तिचं बघून तुला.

तिचं पत्र आलं मला. म्हणजे तिने सांगितलं आणि तिथल्या ताईंनी लिहिलं. खाली सही तिची, अक्षरं एकमेकांना धक्का मारतात पण नाव पूर्ण आहे. लिहिते, निळं मशीन माझं आहे. चादरीची घडी दोघींनी घालायची असते, एकटीने घातली तर जमिनीला लागते.

बाकड्यावरच्या माणसाचं पुन्हा लिहू नकोस मला.

ताई

२९ ऑक्टोबर

ताई,

तू रागावशील. रागाव.

सगळं छान चाललं होतं. तिथे एक प्रवास शिकवणारे सर आहेत, ते तिला कॉलेजपासून घरापर्यंतचा रस्ता शिकवत होते. दोन बसेस, मधे एकदा बदलायची. पहिल्या शनिवारी ते तिच्या शेजारी बसून आले. दुसऱ्या शनिवारी दोन सीट मागे. तिसऱ्या शनिवारी बसच्या अगदी शेवटी, जसे काही ओळखीचेच नाहीत. तिच्या गळ्यात एक कार्ड असतं, त्यावर दोन्ही बसचे नंबर आणि जिथे बस बदलायची त्या चौकातल्या घड्याळाचं चित्र. दारात आली की सरांकडे वळून म्हणायची, “तुम्ही आता जाऊ शकता.”

आणि दर रविवारी संध्याकाळी मी तिला परत सोडायचो, आणि ती त्या बाकावर बसायची, आणि मी निघायचो.

गेल्या बुधवारी भर दुपारी दुकान बंद केलं, गाडी काढली आणि तिला घेऊन आलो. बाईंना सांगितलं की तिची आत्या फार आजारी आहे. हो, तू. ती लॉन्ड्रीत होती, हात ओले. गाडीत सारखी विचारत राहिली, “आत्याला काय झालं? आत्या मरणार?” घरी आल्यावर सांगितलं की आत्या ठणठणीत आहे, आपण आता इथेच राहायचं. तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “तू खोटं बोललास.” आठ दिवस झाले, त्यानंतर एक शब्द बोललेली नाही. बॅग उघडलेली नाही. ती दाराजवळ ठेवून तिच्या शेजारी बसून असते.

खोटं बोलायची माझी ही पहिली वेळ नव्हे, ताई. तुला वाटतं मी त्या दिवशी मावशीकडे होतो. नव्हतो. दादा माझ्याशिवाय गाडीत बसेना, म्हणून नानांनी मला बरोबर घेतलं. तिथे आत शिरल्यावर एक बाक होता. दादा मला सोडेना, माझा सदरा त्याने मुठीत धरला होता. नाना मला बाजूला घेऊन म्हणाले, तू सांग काहीतरी, तुझं ऐकेल. दादाला जागा धरायला किती आवडायचं आठवतं? सिनेमाला, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, आधी पळत जाऊन शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून बसायचा, कुणाची बिशाद नव्हती तिथे बसायची. मी म्हटलं, “दादा, आम्ही आलोच. तू जागा धरून ठेव.”

त्याने लगेच सदरा सोडला. बाकावर बसला, गुडघे जुळवले आणि शेजारी हात ठेवला. मी मागे वळून बघितलं तेव्हा हसत होता.

नानांनी मला शाबासकी दिली.

मी चिंगीला परत पाठवणार नाही.

छोटा

९ नोव्हेंबर

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही असं धरून चाललोय, पण जे झालं ते तुला कळायला हवं.

शुक्रवारी सकाळी दहाला मी वाचनालयात बांधलेली पुस्तकं पोचवायला गेलो. अकराला आलो तर चिंगी नाही. बॅग नाही. दार नीट ओढून घेतलेलं. शेजाऱ्यांकडे नाही, किराणावाल्याकडे नाही, तिच्या जुन्या शाळेत नाही. पोलिसांत गेलो. शिपायाने वय विचारलं, एकोणीस म्हटल्यावर वहीतून मान वर करून म्हणाला, “मग सज्ञान आहे की.” मी त्याला समजावून सांगत राहिलो. कॉलेजला फोन केला, तिथेही आली नव्हती. बाई म्हणाल्या, आम्ही बसस्टॉपवर माणूस उभा करतो, तुम्ही घरीच थांबा.

नाही थांबलो. गाडी घेऊन गल्ल्या धुंडाळल्या. आणि मग कसं ते मला सांगता येत नाही, पण भानावर आलो तेव्हा मी दादाच्या त्या संस्थेच्या फाटकासमोर उभा होतो. पंचेचाळीस वर्षांत त्या रस्त्याला फिरकलो नव्हतो. आता तिथे फरश्यांचं गोदाम आहे. पुढचा व्हरांडा तेवढा जुना. वॉचमन आला, म्हणाला, “साहेब, कुणाला शोधताय?”

मी म्हटलं, “भावाला.”

मला मुलीला म्हणायचं होतं.

तो आत जाऊन विचारून आला बिचारा. या नावाचं कुणी कामाला नाही म्हणाला. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो. तिथे फोन वाजला. प्रवास शिकवणारे सर होते. “पोचली. लॉन्ड्रीत गेलीय सरळ.”

तीन तास चाळीस मिनिटं लागली तिला. मधे चुकीच्या बसमध्ये बसली, लक्षात आल्यावर उतरली, ड्रायव्हरला गळ्यातलं कार्ड दाखवलं, त्याने योग्य थांबा दाखवला. चौकातलं घड्याळ दिसेपर्यंत उभीच होती म्हणे, बसली नाही. सर बसस्टॉपवर होते, त्यांना बघून म्हणाली, “मी एकटी आले. तुम्ही कशाला आलात?” आणि पुढे म्हणाली, “आत्या बरी आहे. बाबा बरा नाही.”

मी तिला आणायला जाणार नाही. आता तुला हवं ते लिही.

छोटा

१९ नोव्हेंबर

छोट्या,

तुझं ऑक्टोबरचं पत्र आलं त्या दिवसापासून रोज लिहायला बसते आणि कागद फाडते. चिंगी एकटी गेली हे वाचलं आणि मग मात्र राहवेना. हे वाचताना कामात नसशील असं बघ.

दादा एकदा घरी आला होता.

त्याला ठेवून पाच महिने झाले होते. मी परीक्षेच्या अभ्यासासाठी हॉस्टेलवरून घरी आले होते. आई मावशीकडे, नाना ऑफिसात, तू शाळेत. साडेअकराला दार वाजलं. उघडलं तर दादा. अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी शर्ट, एका पायात चप्पल नाही, टाच फुटलेली. रुळांच्या कडेकडेने बावीस किलोमीटर चालत आला होता. रस्ता कुणीही शिकवला नव्हता त्याला.

पहिलं काय बोलला ते मी कधी विसरले नाही, पण मला ते तेव्हा कळलंही नाही. म्हणाला, “छोटा कुठाय? त्याला सांग, मी खूप वेळ जागा धरली. मग त्या बाईंनी उठवलं. मी आपणहून नाही उठलो.”

मला वाटलं, बरळतोय. आता तुझ्या पत्रानंतर कळलं, तो तुला सांगायला आला होता. माफी मागायला.

मी त्याचे पाय धुतले, टाचेला पट्टी बांधली, वाढलं. पोटभर जेवला. उरलेली चप्पल त्याने दारामागे त्याच्या जागी ठेवली. मग तुझ्या गादीवर आडवा झाला आणि झोपला. आणि मी शेजारच्या काकूंकडे जाऊन नानांच्या ऑफिसात फोन केला.

कुणी सांगितलं नव्हतं मला. लपवता आलं असतं, आईला बोलावता आलं असतं. मी वीस वर्षांची होते आणि मला भीती वाटत होती, की तो राहिला तर आईचं वय झाल्यावर तो माझ्याच गळ्यात पडेल. हे अगदी असंच तेव्हा मनात आलं होतं. तेवढ्यासाठी केला फोन.

नाना अडीचला गाडी घेऊन आले. दादा ओरडला नाही. मला विचारलं, “छोटा आला की मग जाऊ?” मी म्हटलं, “तो तिथेच भेटेल तुला.”

तेव्हा खोटं बोलणारा तू एकटा नव्हतास.

तू साडेतीनला शाळेतून आलास. मी दादाचं ताट घासत होते. गादीवर सुरकुत्या बघून विचारलंस, कोण आलं होतं? मी म्हटलं, कुणी नाही. आईलाही कधी कळलं नाही. आता नाना नाहीत, आई नाही. मी चाळीस वर्षं परक्यांच्या टाचांना पट्ट्या बांधल्या.

मी लग्न का केलं नाही असं तू एकदा विचारलं होतंस. त्याचं उत्तर मला अजूनही नीट माहीत नाही. पण माझ्या गळ्यात कुणीच पडलं नाही, एवढं खरं.

तुला लिहायचं नसेल तर लिहू नकोस.

ताई

२१ डिसेंबर

ताई,

महिना लागला. पहिले आठ दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो आणि तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो. मग भांडण संपलं, कारण दर वेळी मीच हरायचो. तू फोन केलास. तो ज्या बाकावरून उठून आला, त्यावर बसवलं होतं मी.

दुकानात तो अजून येतो. मी बाकडं काढलेलं नाही. त्याच्याकडे पाठ करून काम करता येतं का बघितलं, नाही जमत. तुझ्याकडेही येत असणार इतकी वर्षं, आणि तू मला दुपारी झोपायला सांगत होतीस.

काल कॉलेजात चिंगीची बैठक होती. दर सत्राच्या शेवटी असते, आणि ती विद्यार्थ्यानेच चालवायची असते. टेबलाच्या टोकाला ती, मग बाई, सर आणि मी. तिच्यापुढे चित्रांची कार्डं होती, एकेक उलटत बोलत होती. काय जमतं, काय जमत नाही. घड्याळात अजून फक्त ‘साडे’ कळतं, मोठा काटा खाली आला की. इस्त्रीची भीती वाटते. पुढच्या सत्रात तिला बाहेरच्या एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत आठवड्यातून दोन दिवस पाठवणार आहेत. शेवटचं कार्ड माझं होतं, माझा फोटो. ती म्हणाली, “बाबाने न सांगता यायचं नाही. मला आधी विचारायचं.” बाईंनी तसं लिहून घेतलं आणि मला सही करायला दिलं. मी केली.

नंतर तिच्या खोलीत गेलो. दाराबाहेर थांबलो, तिने आत ये म्हटल्यावर आत गेलो. मी तिला घरी नेलं तेव्हा असं का वागलो ते सांगायला हवं होतं, आणि दुसरं कुठलं कारण देता येईना. म्हणून दादाचं सगळं सांगितलं. तिला कळतील अशा छोट्या वाक्यांत. माझा एक भाऊ होता. तुझ्यासारखाच, त्यालाही शिकायला वेळ लागायचा. त्याला आम्ही एका जागी ठेवलं. मी त्याला खोटं सांगितलं. तो चालत घरी आला. आत्याने त्याला परत पाठवलं. तो तिथेच मेला.

ती घडी घालत होती, ती थांबली. म्हणाली, “त्याचं नाव काय?”

मी नाव सांगितलं. तिने ते सावकाश, तोडून तोडून म्हणून बघितलं, अवघड नाव म्हणते तसं. ताई, नानांच्या घरात ते नाव दादा गेल्यापासून कुणी घेतलं नव्हतं. इतक्या वर्षांनी ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं.

“त्याच्या खोलीला किल्ली होती?”

“नाही.”

“त्याला भेटायला कोण जायचं?”

“कुणी नाही.”

“बस नव्हती?”

बस होती, ताई. फाटकासमोर थांबायची. मी तसं सांगितलं.

ती रागावली नाही, रडली नाही. आपल्याला इतक्या वर्षांत कितीजणांनी समजावलं, तेव्हा काळच तसा होता, तुम्ही लहान होतात, नानांचाही नाइलाज होता. मीच स्वतःला समजावलं, तू मला समजावलंस. तिला ते काहीच माहीत नाही. तिने ऐकलं तेवढंच ऐकलं.

“तुम्ही वाईट केलं,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “हो.”

मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, काटा खाली आला होता. तिची लॉन्ड्रीची पाळी होती. तिने ॲप्रन बांधला, मला बाहेर काढलं, दाराला कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्यावर थांबली आणि म्हणाली, “आत्यालाही सांग.”

म्हणून लिहिलं.

छोटा